डेस्कटॉप संगणकाचा प्रोसेसर बदलताना सुसंगत भागांची निवड

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर विद्यार्थ्याला पुढील गोष्टी करता येतील:

१. प्रोसेसर बदलणे खरोखर गरजेचे आहे का, हे मोजून ठरवणे.
२. सॉकेट, चिपसेट आणि बायॉस यांचा परस्परसंबंध सांगणे.
३. रॅम, एसएमपीएस आणि कूलर नव्या प्रोसेसरला पुरेसे आहेत का, हे तपासणे.
४. जुन्या संगणकासाठी उपलब्ध पर्यायांची तुलना करणे.

१. प्रस्तावना

संगणक संथ झाला की प्रोसेसर बदलावा असे पहिल्यांदा मनात येते. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बंगळुरूचा एस. पी. रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, कोणत्याही बाजारात गेलात तरी जुने प्रोसेसर मांडलेले दिसतात. विचारले तर उत्तर मिळते, "हा तुमच्या बोर्डावर बसतो." बहुतेक वेळा ते खरेही असते. पण प्रोसेसर सॉकेटमध्ये बसणे आणि संगणक चालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बसलेला प्रोसेसर न चालण्याची निदान पाच कारणे असू शकतात, आणि जुना माल परत घेण्याची पद्धत सगळीकडे नसते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याने चार-सहा महिने साठवलेले पैसे अशा एका खरेदीत अडकतात. म्हणून खरेदीआधीची तपासणी शिकून घेणे आवश्यक आहे.

२. आधी मोजा

एखाद्या कामाचा जेवढा भाग प्रोसेसरवर अवलंबून असतो, तेवढ्याच भागाला नव्या प्रोसेसरचा फायदा होतो. संगणक रचनेच्या अभ्यासक्रमात आपण शिकतो तो अ‍ॅमडालचा नियम हेच सांगतो.

समजा, एक मोठा प्रकल्प कंपाइल करायला ६० सेकंद लागतात. त्यांतील ३६ सेकंद हार्ड डिस्कची वाट पाहण्यात जातात आणि २४ सेकंद प्रोसेसर प्रत्यक्ष काम करतो.

पर्याय अ: प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला. नवा वेळ = ३६ + १२ = ४८ सेकंद. वेगवाढ = ६० ÷ ४८ = १.२५ पट.

पर्याय ब: हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली आणि वाट पाहण्याचा वेळ एक षष्ठांश झाला. नवा वेळ = ६ + २४ = ३० सेकंद. वेगवाढ = २ पट.

या उदाहरणात एसएसडीचा फायदा प्रोसेसरपेक्षा जास्त आहे आणि तिचा खर्चही सहसा कमी असतो. म्हणून नेहमीचे काम चालू असताना विंडोजमधील टास्क मॅनेजर किंवा लिनक्समधील सिस्टिम मॉनिटर उघडून पाहा. डिस्क सतत १०० टक्के आणि प्रोसेसर २० टक्के दिसत असेल, तर अडचण डिस्कची आहे. रॅम भरून गेली असेल तर आधी रॅम वाढवा. प्रोसेसरचे सर्व गाभे बराच वेळ ९० टक्क्यांच्या वर राहत असतील, तर प्रोसेसर बदलण्याचा विचार योग्य आहे. एकच गाभा पूर्ण व्यस्त आणि बाकीचे मोकळे असतील, तर जास्त गाभ्यांचा प्रोसेसर घेऊन उपयोग नाही. तिथे प्रत्येक गाभ्याचा वेग जास्त असलेला प्रोसेसर लागतो.

३. सॉकेट आणि चिपसेट

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याची जागा. इंटेलच्या एलजीए प्रकारात पिना सॉकेटमध्ये असतात आणि प्रोसेसरच्या तळाला सपाट संपर्कबिंदू असतात. एएमडीच्या एएम४ मध्ये १३३१ पिना प्रोसेसरला असतात. एएम५ पासून एएमडीनेही एलजीए रचना स्वीकारली. त्यात १७१८ संपर्कबिंदू आहेत.

सध्या वापरात असलेल्या प्रमुख सॉकेटांची माहिती पुढील तक्त्यात दिली आहे.

| सॉकेट | चालणारे प्रोसेसर | रॅम |
|---|---|---|
| एलजीए ११५१, १०० व २०० मालिकेचे चिपसेट | इंटेल ६वी व ७वी पिढी | डीडीआर४, काही बोर्डांवर डीडीआर३ |
| एलजीए ११५१, ३०० मालिकेचे चिपसेट | इंटेल ८वी व ९वी पिढी | डीडीआर४ |
| एलजीए १२०० | इंटेल १०वी व ११वी पिढी | डीडीआर४ |
| एलजीए १७०० | इंटेल १२वी, १३वी व १४वी पिढी | बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५ |
| एलजीए १८५१ | इंटेल कोअर अल्ट्रा २०० मालिका | डीडीआर५ |
| एएम४ | एएमडी रायझन १००० ते ५००० मालिका | डीडीआर४ |
| एएम५ | एएमडी रायझन ७००० व त्यापुढील | डीडीआर५ |

तक्त्यातील पहिल्या दोन ओळी नीट पाहा. सॉकेटचे नाव एकच, पिनांची संख्या एकच, तरी प्रोसेसर वेगळे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ८वी पिढी आली तेव्हा इंटेलने गाभ्यांची संख्या वाढवली. वाढीव गाभ्यांना वीज पुरवण्यासाठी आधी राखीव ठेवलेल्या काही पिना वीजपुरवठा आणि ग्राउंडसाठी वापरल्या. त्यामुळे ८व्या पिढीचा प्रोसेसर जुन्या एच११० बोर्डावर बसतो, पण संगणक सुरू होत नाही. बाजारात सर्वांत जास्त फसगत याच सॉकेटच्या बाबतीत होते.

दुसरे उदाहरण एलजीए १२०० चे. ११व्या पिढीचा प्रोसेसर ५०० मालिकेच्या बोर्डांवर चालतो. ४०० मालिकेतील झेड४९० आणि एच४७० बोर्डांवरही बायॉस अद्ययावत केल्यावर चालू शकतो. पण एच४१० आणि बी४६० या चिपसेटना इंटेलने त्याचा अधिकृत पाठिंबा दिलेला नाही. म्हणजे सॉकेटबरोबर चिपसेटचे नाव पाहणे अनिवार्य आहे.

नेमका बोर्ड ओळखण्यासाठी सीपीयू-झेड हे विनामूल्य साधन वापरता येते, किंवा कॅबिनेट उघडून बोर्डावर छापलेले नाव वाचता येते. नावासोबत आवृत्ती क्रमांकही लिहून घ्या, कारण एकाच नावाच्या बोर्डाच्या दोन आवृत्त्यांत फरक असू शकतो.

४. बायॉस आणि प्रोसेसरची यादी

संगणक सुरू होताच बायॉस प्रोसेसरला ओळखतो आणि त्याला चालवण्यासाठी लागणारा मायक्रोकोड लोड करतो. बोर्ड तयार झाला तेव्हा जो प्रोसेसर अस्तित्वातच नव्हता, त्याची माहिती जुन्या बायॉसमध्ये नसते. म्हणून प्रत्येक मदरबोर्ड निर्माता आपल्या संकेतस्थळावर त्या बोर्डावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी देतो. यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर किमान बायॉस आवृत्ती लिहिलेली असते. खरेदीचा निर्णय याच यादीवरून घ्यावा.

एएम४ सॉकेटचा इतिहास या दृष्टीने बोधक आहे. २०१८ च्या सुरुवातीला रायझन २२००जी आणि २४००जी बाजारात आले. दुकानातील अनेक बोर्डांवर जुना बायॉस होता. नवा प्रोसेसर लावल्यावर संगणक सुरू होत नव्हता, आणि सुरू झाल्याशिवाय बायॉस बदलता येत नव्हता. शेवटी एएमडीला बायॉस बदलण्यापुरता जुना प्रोसेसर ग्राहकांना उसना देण्याची सोय करावी लागली. पुढे मे २०२० मध्ये एएमडीने ४०० मालिकेच्या बोर्डांवर रायझन ५००० चालणार नाहीत असे जाहीर केले. सर्व पिढ्यांची माहिती बायॉसच्या मर्यादित क्षमतेच्या चिपमध्ये मावत नाही, असे कारण दिले होते. ग्राहकांच्या नाराजीनंतर त्याच महिन्यात तो निर्णय बदलला. काही बोर्डांच्या नव्या बायॉसमध्ये जागा करण्यासाठी सर्वांत जुन्या प्रोसेसरांचा पाठिंबा काढून टाकलेला असतो, तो याच कारणाने.

यातून तीन नियम निघतात.

पहिला, जुना प्रोसेसर काढण्यापूर्वी बायॉस अद्ययावत करा.

दुसरा, बायॉस लिहिला जात असताना वीज जाता कामा नये. संगणक यूपीएसवर असल्याशिवाय हे काम सुरू करू नका.

तिसरा, काही बोर्डांवर प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायॉस भरण्याचे बटण असते. ते आपल्या बोर्डावर आहे का, हे माहितीपुस्तिकेत पाहा.

मोठ्या कंपन्यांच्या तयार डेस्कटॉपबाबत अधिक सावध राहावे. त्यांच्या बोर्डांचे बायॉस मोजकेच प्रोसेसर स्वीकारतात. शिवाय काही तयार संगणकांतून काढलेले रायझन प्रो प्रोसेसर सुरक्षेच्या कारणास्तव त्या कंपनीच्या बोर्डांशी कायमचे बांधलेले असतात. असा प्रोसेसर स्वस्त मिळाला तरी इतर बोर्डांवर चालत नाही.

५. रॅम

डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्हींना २८८ संपर्कबिंदू असतात, पण खाचेची जागा वेगळी असते. डीडीआर४ १.२ व्होल्टवर चालते, डीडीआर५ १.१ व्होल्टवर. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. प्रोसेसर दोन्ही प्रकारची रॅम हाताळू शकत असला, तरी बोर्ड ज्या प्रकारचा असेल तीच रॅम घ्यावी लागते.

रॅमच्या पट्ट्या किती आहेत यालाही महत्त्व आहे. प्रत्येक चॅनेलची रुंदी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट असते. डीडीआर४-३२०० च्या एका पट्टीची कमाल बँडविड्थ = ३२०० × ८ = २५,६०० मेगाबाइट प्रति सेकंद, म्हणजे २५.६ गीगाबाइट. दोन पट्ट्या दोन चॅनेलांत लावल्या तर ती ५१.२ गीगाबाइट होते. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरत असल्याने तिथे हा फरक स्पष्ट जाणवतो. म्हणून १६ गीगाबाइटची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ गीगाबाइटच्या दोन घेणे सामान्यतः चांगले.

६. वीजपुरवठा

६.१ प्रत्यक्ष लागणारी वीज

प्रोसेसरच्या खोक्यावरील ६५ वॅट हा आकडा त्याचा कमाल वीजवापर नसतो. एएम४ वरील ६५ वॅटचा प्रोसेसर सॉकेटमधून ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो आणि १०५ वॅटचा १४२ वॅटपर्यंत. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० ची मूळ मर्यादा ६५ वॅट असून टर्बो मर्यादा ११७ वॅट आहे. आय७-१२७०० ची मूळ मर्यादाही ६५ वॅटच आहे, पण टर्बो मर्यादा १८० वॅट आहे. हिशेब नेहमी मोठ्या आकड्याने करावा.

६.२ मदरबोर्डवरील व्होल्टेज नियामक

एसएमपीएसकडून येणारे १२ व्होल्ट बोर्डावरील नियामक मंडल सुमारे १.२ व्होल्टपर्यंत उतरवते. या मंडलाला व्हीआरएम म्हणतात. प्रोसेसर १२० वॅट घेत असेल तर १.२ व्होल्टला प्रवाह = १२० ÷ १.२ = १०० अँपिअर. एवढा प्रवाह वाहताना नियामकाचे घटक तापतात. स्वस्त बोर्डावर नियामकाचे टप्पे कमी असतात आणि त्यांवर उष्णताशोषक नसतो. मग तापमान वाढले की बोर्ड प्रोसेसरचा वेग उतरवतो. यादीत नाव असूनही आय७ किंवा आय९ साध्या एच६१० बोर्डावर पूर्ण वेगाने चालेलच असे नाही.

६.३ एसएमपीएस

आपल्याकडे कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट मिळण्याची पद्धत आहे. त्यावर '४५० वॅट' लिहिलेले असते, पण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवर चालतात. म्हणून लेबलवरील १२ व्होल्टखालचा अँपिअरचा आकडा वाचा.

एसएमपीएस क: १२ व्होल्ट, १६ अँपिअर = १९२ वॅट.
एसएमपीएस ख: १२ व्होल्ट, ३६ अँपिअर = ४३२ वॅट.

समजा प्रोसेसर ८८ वॅट, रेडिऑन आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड १३२ वॅट आणि बाकी भाग मिळून ५० वॅट घेतात. एकूण २७० वॅट. पूर्ण भाराच्या वेळी एसएमपीएस ६० टक्क्यांच्या आसपास राहावा असे धरले, तर २७० ÷ ०.६ = ४५० वॅट. 'ख' पुरेसा आहे. दोघांवरही ४५० वॅट छापले असले, तरी 'क' वर संगणक सुरू होईल आणि भार वाढताच बंद पडेल. ८० प्लस हे प्रमाणपत्र कार्यक्षमतेबद्दल सांगते, क्षमतेबद्दल नाही, हेही लक्षात ठेवा.

प्रोसेसरसाठीची स्वतंत्र १२ व्होल्टची जोडणी ४ पिनांची आहे की ८, हे बोर्ड आणि एसएमपीएस दोन्हींवर पाहून घ्यावे.

७. कूलर आणि ग्राफिक्स

एलजीए ११५१ आणि १२०० साठी कूलरच्या छिद्रांमधील अंतर ७५ मिलिमीटर असते, तर एलजीए १७०० साठी ७८ मिलिमीटर. त्यामुळे जुना कूलर नव्या बोर्डावर वेगळ्या क्लॅम्पशिवाय बसत नाही. एएम४ चे बहुतेक कूलर एएम५ वर चालतात. काही प्रोसेसरांच्या खोक्यात कूलर असतो, काहींच्या नसतो. रायझन ५ ५६०० सोबत मिळतो, रायझन ७ ५७००एक्स सोबत मिळत नाही. 'ट्रे' म्हणून सुट्ट्या विकल्या जाणाऱ्या प्रोसेसरसोबतही तो नसतो.

आणखी एक गोष्ट नेहमी नजरेतून सुटते, ती म्हणजे अंगभूत ग्राफिक्स. इंटेलच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल तर ते नसते. एएम४ वरील रायझनमध्ये ते फक्त 'जी' अक्षर असलेल्या प्रोसेसरांत असते. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संगणकात असा प्रोसेसर लावला तर पडद्यावर काहीच दिसत नाही आणि प्रोसेसर खराब निघाला असा गैरसमज होतो.

८. सोडवलेली उदाहरणे

उदाहरण १. बी४५० बोर्ड, रायझन ३ २२००जी, डीडीआर४-२४०० ची ८ गीगाबाइटची एक पट्टी, ग्राफिक्स कार्ड नाही. कोणता प्रोसेसर घ्यावा?

रायझन ५ ५६०० मध्ये ३२ मेगाबाइट एल३ कॅशे आहे, ५६००जी मध्ये १६ मेगाबाइट. शुद्ध वेगात ५६०० सरस आहे. पण कार्ड नसल्याने ५६०० घेऊन चालणार नाही. कार्ड घ्यायचे नसेल तर ५६००जी निवडावा. त्यामुळे ४ गाभे आणि ४ थ्रेडऐवजी ६ गाभे आणि १२ थ्रेड मिळतील. दोन्ही प्रोसेसर ६५ वॅट गटातील असल्याने चांगल्या स्थितीतील एसएमपीएस बदलावा लागणार नाही. रॅमची तशीच दुसरी पट्टी लावल्यास बँडविड्थ १९.२ वरून ३८.४ गीगाबाइट प्रति सेकंद होईल. सर्वांत आधी निर्मात्याच्या यादीतून किमान बायॉस आवृत्ती पाहून ती भरावी. बोर्ड तोच राहत असल्याने हा बदल किफायतशीर आहे.

उदाहरण २. एच११० बोर्ड, कोअर आय३-६१००, डीडीआर४ रॅम. दुकानदार आय५-८४०० सुचवतो.

आय५-८४०० बसेल, पण चालणार नाही, हे भाग ३ मध्ये पाहिले. या बोर्डावर बायॉस अद्ययावत करून आय७-७७०० पर्यंत जाता येते. त्यात ४ गाभे आणि ८ थ्रेड मिळतात. मात्र तो जुनाच विकत घ्यावा लागेल, त्यापुढे या बोर्डावर वाव नाही, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लिनक्सवर काम करणाऱ्याला ही अडचण नाही.

दुसरा मार्ग म्हणजे डीडीआर४ प्रकारचा एच६१० बोर्ड आणि आय३-१२१००. त्यातही ४ गाभे आणि ८ थ्रेडच आहेत, पण गाभे पाच पिढ्या पुढचे आहेत. जुनी डीडीआर४ रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट वापरता येते. कूलर प्रोसेसरच्या खोक्यात मिळतो. पुढे याच बोर्डावर १४व्या पिढीपर्यंत जाता येते. दोन्ही मार्गांच्या किमती आपल्या शहरातील बाजारात विचारून मांडा. आय७-७७०० चा खर्च दुसऱ्या मार्गाच्या अर्ध्याहून अधिक होत असेल, तर दुसरा मार्ग निवडणे शहाणपणाचे. तेवढे पैसे हाताशी नसतील, तर सध्या एसएसडी घेऊन थांबावे. ती पुढच्या संगणकातही उपयोगी पडते.

९. बदलाचा क्रम

१. महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवा.
२. विंडोजमध्ये बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घ्या. एएमडीच्या संगणकात सुरक्षा किल्ल्या बहुधा प्रोसेसरमधील फर्मवेअर टीपीएमशी बांधलेल्या असतात. प्रोसेसर बदलताच त्या हरवतात आणि की नसेल तर डिस्क उघडत नाही.
३. बायॉस अद्ययावत करा आणि जुन्या प्रोसेसरवर संगणक नीट चालतो याची खात्री करा.
४. एएम४ मध्ये कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवा, म्हणजे थर्मल पेस्ट मऊ होते. मग तो पूर्ण बंद करून वीजतार काढा आणि कूलर हळूच डावी-उजवीकडे फिरवून उचला. सरळ ओढल्यास प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.
५. प्रोसेसरच्या कोपऱ्यातील त्रिकोणी खूण सॉकेटच्या खुणेशी जुळवा. एएम४ मध्ये प्रोसेसर जोर न लावता बसला पाहिजे. एलजीए सॉकेटमधील पिनांना बोट लावू नका.
६. जुनी पेस्ट पुसून नवी लावा. पंख्याची वायर जोडायला विसरू नका.
७. पहिल्यांदा सुरू होताना रॅमच्या जुळणीमुळे काही वेळ पडदा काळा राहू शकतो. घाईने बंद करू नका. नंतर बायॉसमध्ये तापमान आणि रॅमचा वेग तपासा.

१०. सारांश

सॉकेट जुळणे ही फक्त पहिली अट आहे. त्यानंतर चिपसेट, बायॉस आवृत्ती, रॅमचा प्रकार, वीज, कूलर आणि अंगभूत ग्राफिक्स या क्रमाने तपासणी करावी. यांतील प्रत्येक उत्तर कागदावर लिहूनच दुकानात जावे, आणि पक्के बिल घेऊनच परतावे.

स्वाध्याय

१. एका कामात ५० सेकंदांपैकी ४० सेकंद प्रोसेसरचे आहेत. प्रोसेसर दुप्पट वेगाचा केल्यास एकूण वेगवाढ किती?
२. एसएमपीएसच्या लेबलवर १२ व्होल्टसाठी २१ अँपिअर लिहिले आहे. आय५-१२४०० आणि ७५ वॅटचे ग्राफिक्स कार्ड यांसाठी तो पुरेल का? हिशेब मांडा.
३. एकाच सॉकेटचे दोन प्रोसेसर एकाच बोर्डावर का चालत नाहीत, हे दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
४. आपल्या घरच्या किंवा प्रयोगशाळेतील एका डेस्कटॉपचा बोर्ड ओळखा. निर्मात्याच्या यादीवरून त्यावर चालणारा सर्वांत वेगवान प्रोसेसर आणि त्यासाठी लागणारी बायॉस आवृत्ती शोधा. तो प्रोसेसर घेणे योग्य ठरेल का, हे सकारण लिहा.